‘आईवर गेलीय’ म्हणून केसपेपर बंद करू नका

प्रति,
राज्यातले माझे बालरोगतज्ज्ञ सहकारी, प्राथमिक आरोग्य केंद्रांतले वैद्यकीय अधिकारी, अंगणवाडी सेविका आणि पर्यवेक्षिका यांस

सप्रेम नमस्कार.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी सव्वीस वर्षं मुलं तपासते आहे. आज तुम्हाला लिहायला बसले ते एका वाक्यासाठी. ते आपण सगळेच बोलतो. आई काळजीने विचारते, “डॉक्टर, हिची उंची का वाढंना?” आपण आईकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघतो आणि म्हणतो, “आईवर गेलीय.” आई गप्प होते. पुढचा पेशंट आत येतो.

हे वाक्य मीही शेकडो वेळा बोलले आहे. बाहेर ऐंशी नंबर लागलेले असतात आणि मूल हसतं-खेळतं असतं, त्यामुळे उत्तर खरंच वाटतं. मला ते सोडायला लावलं एका घरातल्या दोन जावांनी.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आसपास दोघी आपापल्या मुली घेऊन आल्या. दोन्ही मुलींना तीन वर्षं होत आलेली, जन्मात वीस दिवसांचं अंतर. सर्दी-खोकल्यासाठी आल्या होत्या. थोरलीची मुलगी ९३.५ सेंटीमीटर भरली, धाकटीची ८६.२. सोबत आलेल्या सासूबाई बाकावरूनच म्हणाल्या, “थोरलीची थोरलीवर गेलीय, धाकटीची धाकटीवर.” ते ऐकून मी दोन्ही जावांना चप्पल काढायला लावून पट्टीखाली उभं केलं. थोरली १५१, धाकटी १५२. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, अंगापिंडाने सारखे. मग ही कुणावर गेली?

धाकटीला आत वेगळं बसवून विचारलं तेव्हा कळलं ते असं. थोरली बाळंतपणाला माहेरी जाऊन चार महिने राहिली. धाकटीचं माहेर मोडकं, ती इथेच राहिली. नववा लागला तरी कापूस वेचायला जात होती, हंडे आणत होती, जेवायला शेवटी बसत होती. ही तिची दुसरी मुलगी, आणि पहिली अवघी तेरा महिन्यांनी मोठी. थोरलीच्या बाळाचं जन्माचं वजन २.९ किलो, हिच्या बाळाचं २.१. हे सांगताना तिचं लक्ष सारखं दाराकडे होतं.

ही एका घराची गोष्ट आहे म्हणून सोडून देता येत नाही. डायन कॉफी, रीतिका खेरा आणि डीन स्पिअर्स यांनी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातली ग्रामीण भारतातली एकत्र कुटुंबं घेऊन नेमकं हेच तपासलं. एकाच घरात धाकट्या सुनेची मुलं थोरल्या सुनेच्या मुलांपेक्षा सरासरीने ठेंगणी निघाली. आजोबा-आजी तेच, छप्पर तेच, विहीर तीच; घरातला सुनेचा मान तेवढा वेगळा. सीमा जयचंद्रन आणि रोहिणी पांडे यांनी २०१७ साली भारत आणि आफ्रिकेतल्या २५ देशांतल्या १,६८,००० हून अधिक मुलांची तुलना केली. आपली पहिली मुलं आफ्रिकेतल्या पहिल्या मुलांपेक्षा ठेंगणी नव्हती. फरक दुसऱ्या मुलापासून सुरू होत होता आणि पुढे वाढत जात होता. पहिल्या आणि तिसऱ्या मुलाचे आई-बाप तर तेच असतात.

जनुकांचा वाटा मोठा आहे, हे मी नाकारत नाही. पोटभर खाणाऱ्या समाजात माणसामाणसांतल्या उंचीच्या फरकापैकी सुमारे ८० टक्के फरक आनुवंशिक असतो, हे जुळ्यांच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. फ्रान्सिस गाल्टनने १८८६ मध्ये २०५ जोडप्यांच्या आणि त्यांच्या ९२८ मोठ्या झालेल्या मुलांच्या उंच्या मांडल्या, तेव्हापासून आई-बापाच्या उंचीचा धागा आपल्या हाती आहे. पण उंचीचं म्हणून एक जनुक नसतं. २०२२ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासात सुमारे ५४ लाख लोकांच्या डीएनएची माहिती एकत्र करून उंचीशी जोडलेल्या १२,१११ जागा सापडल्या. एकेकीचा परिणाम अगदी किरकोळ. हजारो मिळून माणूस उंच किंवा ठेंगणा होतो. युरोपीय वंशाच्या लोकांत या सगळ्या जागा मिळून उंचीतल्या ४० टक्के फरकाचा उलगडा होतो, इतर वंशांत १० ते २० टक्क्यांचाच, कारण तपासलेल्यांत बहुसंख्य युरोपीय वंशाचेच होते. माझ्या बाकावरच्या मुलीची उंची जनुकांनी किती ठरवून दिली आहे, हे सांगण्याइतकी विद्या आज कुठल्याही प्रयोगशाळेकडे नाही. आपण मात्र तिच्या आईकडे एक नजर टाकून सांगून मोकळे होतो.

त्या ८० टक्क्यांनी आपल्याला फसवलं आहे, असं मला वाटतं. मुलीच्या १५० सेंटीमीटरमधले १२० जनुकांचे आणि ३० आहाराचे, असा त्याचा अर्थ नाही. बहुतेक सारख्या परिस्थितीत वाढलेल्या माणसांमध्ये जो फरक उरतो, त्याबद्दलचा तो आकडा आहे. शेतकऱ्याला हे लवकर कळतं. एकाच पोत्यातली मालदांडी ज्वारी अर्धी काळ्या रानात पेरली, अर्धी मुरमाड रानात. काळ्या रानातल्या ताटाताटांमधला फरक बियाण्याचा, मुरमाड रानातल्या ताटांमधलाही बराचसा बियाण्याचा. पण दोन रानांच्या मधल्या बांधावर उभं राहून जो फरक दिसतो तो मातीचा आणि पाण्याचा. युरोपातल्या काळ्या रानात काढलेला आकडा आपण मुरमाडावर उभे राहून वापरतो.

नेदरलँड्सचे लोक आज जगात सर्वांत उंच गणले जातात; तिथल्या पुरुषांची सरासरी १८२ सेंटीमीटरच्या वर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्यांच्या सैन्यात भरती होणारी पोरं सरासरी १६५ च्या आसपास होती. दक्षिण कोरियात १८९६ आणि १९९६ साली जन्मलेल्या स्त्रियांच्या सरासरी उंचीत २० सेंटीमीटरचा फरक आहे, आणि त्यांचेच भाऊबंद उत्तर कोरियातून पळून येतात तेव्हा कित्येक सेंटीमीटरने कमी भरतात. ग्वाटेमालातले माया लोक जात्याच ठेंगणे, असं समजलं जाई. त्यांची अमेरिकेत वाढलेली मुलं मायदेशातल्या माया मुलांपेक्षा जवळजवळ १० सेंटीमीटर उंच निघाली. तीन-चार पिढ्यांत जनुकं इतकी बदलत नाहीत.

माझ्या घरातही हेच दिसतं. आई चार बहिणींतली शेवटची, १४७ सेंटीमीटर. मी १५६. माझी मुलगी १६४. माझे वडील आणि माझा नवरा दोघंही बेताच्याच उंचीचे. आईच्या लहानपणी पाणी आडाचं होतं, संडास नव्हता, आणि दूध विकायला जायचं. माझ्या वेळी नळ आला. मुलीच्या वेळी मी डॉक्टर होते. माझ्या आईला उभ्या आयुष्यात सगळ्यांनी ‘बुटकी’ म्हटलं. ती वाढत होती तेव्हा तिच्या ताटात काय होतं, हे कुणी विचारलं नाही.

आता मूल मोठेपणी किती उंच होईल हे काढायच्या आपल्या सूत्राकडे येते. आई-वडिलांच्या उंचीची बेरीज करायची, मुलगा असेल तर त्यात १३ मिळवायचे, मुलगी असेल तर १३ वजा करायचे आणि दोनने भागायचं. आपण सगळे हे वापरतो, मीही वापरते, आणि शहरातल्या सुखवस्तू घरात ते बऱ्यापैकी चालतं. पण त्यात एक गोष्ट गृहीत आहे: आई-बाप जितके वाढू शकत होते तितके वाढले. माझ्याकडे येणारी आई १४५ सेंटीमीटरची असते. सोळाव्या वर्षी लग्न, सतराव्या वर्षी पहिलं मूल, लहानपणी ऊसतोडीच्या टोळीमागे फिरलेली. तिचे १४५ सूत्रात घातले की उत्तर कमीच येणार, आणि त्या उत्तराशी ताडून पाहिलं की मूल ‘नॉर्मल’ ठरणार. आईला लहानपणी जे मिळालं नाही ते आपण लेकीच्या नावावर आनुवंशिकता म्हणून चढवतो.

आईची उंची लेकीपर्यंत पोहोचायला जनुकांखेरीज दुसरीही वाट आहे. लहान चणीच्या, अशक्त आईच्या पोटात बाळही लहानच वाढतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत हे पाहिलं आहे. गरोदर होण्याआधी त्या बायांचं वजन सरासरी ४२ किलोच्या आसपास होतं आणि बाळं सरासरी २.७ किलोची. ज्या बाया पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा खात होत्या त्यांची बाळं मोठी होती. ज्यांच्यावर शेतातल्या आणि पाणी आणण्याच्या कष्टांचा भार जास्त होता त्यांची बाळं लहान. मेथी-चाकवत आणि डोक्यावरचा हंडा यांचा हिशोब बाळाच्या अंगावर दिसत होता. आपल्या केसपेपरवर या दोन्हींसाठी रकाना नाही.

या वाक्याने माझ्या हातून घडलेली एक मोठी चूकही सांगते. आठ वर्षांची एक मुलगी उंचीसाठी आली होती. आई १४८. मी नेहमीचं वाक्य बोलले आणि वर्षाने पुन्हा बोलवायचंही राहिलं. ती चौदाव्या वर्षी परत आली, पाळी आली नाही म्हणून. तपासणीत टर्नर सिंड्रोम निघाला, दुसऱ्या एक्स गुणसूत्राचा अभाव. दोन-अडीच हजार मुलींत एकीला तो असतो. आठव्या वर्षीच कळलं असतं तर वाढीच्या संप्रेरकाचे उपचार वेळेत सुरू करता आले असते. ती सहा वर्षं मी तिला परत देऊ शकत नाही. जनुकांचंच कारण होतं, आणि जनुकांच्याच नावाखाली ते माझ्या नजरेतून सुटलं. थायरॉईडचंही असंच होतं. एका साध्या रक्ततपासणीत कळणारा आजार आपण ‘खानदानी’ म्हणून वर्षानुवर्षं तसाच ठेवतो.

खरोखर आई-बापावर गेलेली निरोगी ठेंगणी मुलं असतात, आणि त्यांना उगाच सुया टोचू नयेत हेही मी तितक्याच ठामपणे सांगते. ती ओळखायची कशी? वेगावरून. असं मूल वाढीच्या तक्त्यात खालच्या रेषेवर असलं तरी त्या रेषेला धरून वाढतं. चौथ्या वर्षापासून वयात येईपर्यंत वर्षाला पाच सेंटीमीटर किंवा जास्त वाढत असेल तर धीर धरता येतो. त्याहून कमी वाढलं की शोध घ्यायचा. एका भेटीत वेग कळत नाही, आणि आपलं वाक्य तर पहिल्याच भेटीत बोलून होतं.

काही सहकारी म्हणतात की वाढीचे तक्तेच परदेशी आहेत, आपल्या मुलांना ते लावू नयेत. पाच वर्षांखालच्या मुलांसाठीचे जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे तक्ते सहा ठिकाणच्या मुलांवरून केले आहेत: ब्राझीलमधलं पेलोटास, घानातलं अक्रा, नॉर्वेतलं ओस्लो, ओमानमधलं मस्कत, अमेरिकेतलं डेव्हिस आणि आपली दक्षिण दिल्ली. आईचं दूध मिळालेली, आई धूम्रपान न करणारी, बऱ्या परिस्थितीतली मुलं निवडली होती. त्यांच्या लांबीतला जो एकूण फरक होता, त्यातला ठिकाणाठिकाणांमुळे पडलेला फरक फक्त ३ टक्क्यांच्या आसपास होता. दिल्लीचं धडधाकट बाळ ओस्लोच्या बाळाइतकंच वाढत होतं. मोठेपणी वंशावंशांत थोडा फरक उरत असेल, त्यावर वाद जरूर घाला. पण पट्टी आखूड केल्याने धाकट्या जावेची मुलगी उंच होत नाही, ती फक्त यादीतून गळते.

आणि यादी लहान नाही. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी होती. त्याआधीच्या सर्वेक्षणात हा आकडा ३४.४ होता. केरळात तो २०१९-२१ मध्ये २३.४ होता. आपल्याच राज्यात २००५-०६ ते २०१२ या काळात दोन वर्षांखालच्या मुलांमधलं हे प्रमाण ३९ टक्क्यांवरून सुमारे २३ वर आलं होतं. तेव्हा इथली जनुकं बदलली नव्हती. कुपोषणाविरुद्धचं राजमाता जिजाऊ मिशन झालं होतं, रस्ते, रोजगार, आरोग्यसेवा सुधारल्या होत्या, आणि कुणीतरी मोजत होतं.

अंगणवाडीतल्या ताई, आता तुमच्याशी बोलते. तुमच्यावर सॅम-मॅमचा, म्हणजे तीव्र आणि मध्यम कुपोषित मुलांच्या नोंदीचा, एवढा ताण असतो की वजन-उंचीचा मेळ बसला की सुटल्यासारखं वाटतं. पण ज्या मुलाचं वजनही कमी आणि उंचीही कमी, त्याचा मेळ व्यवस्थित बसतो. ते हिरव्यात, म्हणजे ‘ठीक’ गटात, येतं. ग्राम बाल विकास केंद्रात त्याला जागा मिळत नाही, कारण ते लुकडं नाही. वयाप्रमाणे उंचीचा रकाना स्वतंत्रपणे बघितल्याशिवाय हे मूल आपल्याला दिसतच नाही. त्याला नुसतं वजनावर आणायलाही जाऊ नका. याज्ञिकांनी दाखवलंय की आपली बाळं जन्मतःच हडकुळी असूनही अंगात चरबी राखून असतात. साखर-तेल ओतून पोट सुटेल. उंचीसाठी डाळ, अंडं, दूध, पालेभाजी लागते, आणि सारखं जुलाब न होणारं आतडं लागतं. पाणी खराब, उघड्यावर शौच, घरात चुलीचा धूर असेल तर खाल्लेलं आजारांशी झगडण्यातच जातं आणि हाडांच्या टोकाच्या वाढीच्या पट्ट्यांना काही उरत नाही. पहिल्या वर्षी बाळ साधारण २५ सेंटीमीटर वाढतं, दुसऱ्या वर्षी १२. हे दोन हप्ते चुकले तर पुढे भरून काढणं फार अवघड होतं.

माझ्या रजिस्टरमधलं एक पान सांगते. कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जाणाऱ्या जोडप्याचा दोन वर्षं दोन महिन्यांचा मुलगा. दसऱ्याला, निघायच्या आदल्या दिवशी, ८०.४ सेंटीमीटर. पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, एप्रिलमध्ये परत आला तेव्हा ८१.५. सहा महिन्यांत चार-पाच सेंटीमीटर व्हायला हवे होते, झाला जेमतेम एक. कारखान्याच्या तळावर कोपीत राहिला, पहाटे तीनला आई-बाप फडावर, हा सहा वर्षांच्या बहिणीच्या कडेवर, खायला सकाळची भाकरी आणि बिस्किटचा पुडा. दोनदा जुलाब झाले, एकदा न्यूमोनिया. गावात राहिला त्या पुढच्या पावसाळ्यात त्याची रेषा पुन्हा वर गेली. त्या एका पानावर आई-बाप तेच आहेत आणि जनुकंही तीच. बदललं ते फक्त ठिकाण.

तर माझी विनंती अशी. दोन वर्षांखालच्या मुलाला आडवं ठेवून मोजा, त्यावरच्याला उभं, दोन्हींत ०.७ सेंटीमीटरचा फरक पडतो, म्हणून कसं मोजलं ते लिहा. केसांचा अंबाडा-क्लिप काढा, टाचा भिंतीला लावा, एकीने गुडघे धरावेत. तारीख टाका, सहा महिन्यांनी पुन्हा बोलवा. आणि आईची उंची लिहाल तेव्हा तिच्या पुढे चार गोष्टी लिहा: लग्न कितव्या वर्षी, पहिलं मूल कितव्या वर्षी, दोन मुलांत अंतर किती, गरोदरपणात काम काय होतं. शक्य असेल तेव्हा हे सासूसमोर विचारू नका. ‘उंची वाढवणारी’ पावडर लिहून देऊ नका. मजुरीचे पैसे डब्यात जातात आणि घरातली अंडी बंद होतात. हाडांच्या पट्ट्या मिटल्यावर तर कोणताही डबा काही करू शकत नाही.

त्या धाकट्या जावेची मुलगी आता दर तीन महिन्यांनी येते. मागच्या खेपेला ९१.१ भरली. तक्त्यावर अजून खालच्याच रेषेशी आहे, पण रेषेला समांतर चालू लागली आहे. यंदा भाऊबीजेला तिची आई आठ दिवस माहेरी राहून आली, हे तिने मी न विचारता सांगितलं. पुढची तारीख तिच्या कार्डावर लिहून दिली आहे.

आपली,
तालुक्याच्या गावातली एक बालरोगतज्ज्ञ

ता. क. आपल्या ओपीडीतली भिंतीवरची पट्टी एकदा टेपने जमिनीपासून तपासून घ्या. माझ्याकडे जुन्या फरशीवर नवी टाइल बसवली, पट्टी होती तिथेच राहिली, आणि तीन वर्षं प्रत्येक मूल दीड सेंटीमीटर जास्त भरत होतं. त्या काळात ‘ठीक आहे’ म्हणून परत पाठवलेल्या मुलांची नावं रजिस्टरमधून काढते आहे. चाळीस झाली, अजून दोन वह्या बाकी आहेत.